प्रोफाइलपंत

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत लिनक्सवाल्यांचा एक कोपरा असतो आणि त्या कोपऱ्यात एक तरी प्रोफाइलपंत असतातच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, कीबोर्ड घरून आणलेला, खडखड वाजणारा. माउसला हात लावणं कमीपणाचं. एकच कमांड दोनदा टाइप करावी लागली की कपाळावर आठी. "यंत्राला आधीच सांगून ठेवायचं असतं रे," म्हणतात, आणि ती कमांड डॉट बॅशआरसी फायलीत जाऊन बसते. तिथे गेलेली कमांड पुन्हा बाहेर आल्याचं ऐकिवात नाही.

पंतांचं टर्मिनल उघडतं तो सोहळा शेजारी उभं राहून बघावा. आधी 'श्री गणेशाय नमः'. टर्मिनलला देवनागरी झेपत नसल्यामुळे 'श्री' फुटतो, वेलांटी भलतीकडेच जाऊन पडते. पंत मनातल्या मनात जुळवून घेतात. मग काउसेची गाय उभी राहते, तिच्या तोंडी फॉर्च्यूनचं इंग्रजी सुभाषित. मग पुण्याचं हवामान, थेट इंटरनेटवरून (खिडकी दोन हातांवर आहे). मग डिस्क किती भरली, मशीन किती दिवस चालू आहे, आणि शेवटी झाडून सगळ्या रेपॉझिटरींचं गिट फेच. एवढं होऊन कर्सर लुकलुकायला लागेपर्यंत पंतांचा चहा निम्मा संपलेला असतो. हे सारं वेळ वाचवण्यासाठी, असं ते अगदी गंभीरपणे सांगतात. माझ्या मते वेळबिळ काही नाही. सकाळी आल्या आल्या कुणीतरी आपली दखल घ्यावी एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि मॅनेजर ती घेत नाही.

टीममध्ये नवं पोरगं आलं की त्याची दीक्षा पंतांकडे. "सर, लॉगिन झाल्यावर एक कमांड आपोआप चालायला हवीय," एवढंच ते बिचारं म्हणतं.

"कुठलं लॉगिन?" पंत विचारतात, आणि चहावर साय धरेपर्यंत प्रवचन चालतं. एसएसएचने आलास तर लॉगिन शेल. ते आधी ईटीसीमधलं प्रोफाइल वाचणार, मग तुझ्या होममधलं डॉट बॅश-प्रोफाइल. ते नसेल तर डॉट बॅश-लॉगिन, तेही नसेल तर डॉट प्रोफाइल. तिघांत जे पहिलं सापडेल ते वाचलं की पुढच्यांकडे ढुंकूनही बघणार नाही. उबुंटूवर नुसती टर्मिनलची खिडकी उघडलीस तर डॉट बॅशआरसी. डेस्कटॉपचं लॉगिन असेल तर ऑटोस्टार्टचं फोल्डर निराळं, सिस्टमडीची युजर सर्व्हिस त्याहून निराळी. मध्येच घराण्याची परंपराही येते: 1960च्या दशकात एमआयटीत लुई पूझँनी केलेला रनकॉम, 1989 साली ब्रायन फॉक्सनी आणलेलं बॅश. पोराला फक्त व्हीपीएन चालू करायचा असतो.

याच नियमाने एकदा पंतांचाच घात केला. कुठल्याशा टूलच्या इन्स्टॉलरने सर्व्हरवर परस्पर तीन ओळींचं डॉट बॅश-प्रोफाइल तयार करून ठेवलं. झालं! पंतांनी वर्षानुवर्षं जोपासलेलं डॉट प्रोफाइल बॅश वाचेनासं झालं. गाय गेली, हवामान गेलं. पंतांनी आधी नेटवर्कवाल्यांवर संशय घेतला, मग शेजारच्या डेस्कवर. शेजारचा माणूस स्वतःच्या होममध्ये डॉट हशलॉगिन नावाची रिकामी फाइल ठेवून सर्व्हरचा स्वागतसंदेशही बंद करणारा, त्यामुळे पंतांच्या मते तो काहीही करू शकतो.

पण खरा घाव आरसिंकने घातला. रात्रीचा बॅकअप पंतांच्याच अकाउंटमधून एसएसएचने निघायचा. एका सकाळी लॉगमध्ये प्रोटोकॉलची तक्रार आणि पुढे सवाल: "इज युअर शेल क्लीन?" सकाळी आंघोळीशिवाय लॅपटॉप न उघडणाऱ्या माणसाला हा प्रश्न! कारण साधं होतं. डॉट बॅशआरसीच्या सुरुवातीलाच एक पहारेकरी असतो: समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच मागे फिर. पंतांनी गणपती त्याच्याही वर बसवला होता, कारण गणपतीच्या आधी दुसरं काही येता कामा नये. दुसऱ्या टोकाचा आरसिंक फायलींची वाट बघत असताना त्याच्या हाती 'श्री गणेशाय नमः' पडलं आणि तो गोंधळला. टीम लीडने सुचवलं, ओळ जरा खाली घ्या. पंतांनी गणपती हलवला नाही. बॅकअपसाठी वेगळं अकाउंट काढून घेतलं, त्याच्यासाठी तीन सह्या गोळा केल्या.

परवा मी सहज विचारलं, "पंत, लॉगआउट होतानाही बॅश एक फाइल वाचतं ना? डॉट बॅश-लॉगआउट. तिथे काय काय लिहिलंय?"

"तिथे? काही नाही."

"का हो?"

"मी लॉगआउट करतोच कुठे?" म्हणाले, स्क्रीन लॉक केला आणि साडेसहाची बस पकडायला निघाले.