शेपटी खरी हवी

स्पोर्ट्स कारला रंग हवा तो द्या. पिवळी करा, जांभळी करा, मोरपंखी फिल्म चढवा. आरटीओत नोंद केली की झालं. रंगावरून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. माझा राग आहे तो खोट्या अवयवांवर. मागे विंग, पण ती गाडीला रस्त्यावर दाबत नाही. बंपरला जाळी, पण जाळीमागे भोक नाही. बोनेटवर हवा घेणारं तोंड, तेही दुहेरी टेपने चिकटवलेलं.

पोर्शेने १९७२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ मांडली. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि पाठ उतरती. वेग वाढला की त्या पाठीवरून सरकणारी हवा गाडीची मागची बाजू उचलू पाहते, टायरांवरचा भार कमी होतो आणि भरधाव वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची भीती वाढते. इंजिनिअरांनी इंजिनाच्या झाकणावर एक आखूड, वर वळलेला ओठ बसवला. लोक त्याला बदकाची शेपटी म्हणू लागले. त्या काळात ती विचित्रच दिसली असणार. पण उचल कमी झाली, गाडी रस्ता धरून धावू लागली. शर्यतीच्या नियमापुरत्या ५०० गाड्या विकायच्या होत्या, बनवाव्या लागल्या १,५८०. आज ती शेपटी सुंदर वाटते, कारण तिने काम केलं. सौंदर्य मागून आलं.

ऑडी टीटीचं उलट झालं. १९९८ साली आलेली ही गाडी गोल, गुळगुळीत, मागे काहीच नाही. जर्मनीत प्रचंड वेगात अचानक लेन बदलताना अपघात झाले, माणसं गेली. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन सुधारलं आणि डिकीवर एक छोटा स्पॉयलर लावला. त्या एका पट्टीला असा अर्थ असतो.

आता आपल्या रस्त्यावर या. विंगने मिळणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी २०० किलोमीटरला जो दाब मिळेल, त्याचा चौथा हिस्सा १०० ला आणि सोळावा ५० ला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा १०० ची, घाटात त्याहून कमी. म्हणजे कायदा पाळणाऱ्याला ती विंग जवळपास निरुपयोगी. आणि न पाळणाऱ्याने पुढच्या भागाचा विचार न करता नुसती मागे मोठी विंग लावली, तर पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंगच सैल होतं. पातळ पत्र्याच्या डिकीवर चार स्क्रू मारून बसवलेली असेल तर बोलायलाच नको.

कंपन्याही सुटत नाहीत. टोयोटाने २०१९ ला आणलेल्या सुप्रावर कितीतरी जाळ्या बंद आहेत. शर्यतीसाठी त्या उघडता येतील, असं समर्थन आलं. मग रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाने झाकणांचे पैसे का मोजायचे?

आपला कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. गाडीचा सांगाडा कापणाऱ्यांना ही शिक्षा हवीच. पण चांगला भाग आणि चिकटवलेला कचरा यांत फरक करायची सोय हवी. जर्मनी याबाबत सैल नाही. १९७३ साली बीएमडब्ल्यूने ३.० सीएसएलची विंग गिऱ्हाइकाला डिकीत ठेवून दिली, कारण तिथल्या रस्त्यावर ती लावायला परवानगी नव्हती. तरी त्याच देशात तपासून प्रमाणपत्र मिळालेला भाग रीतसर बसवता येतो. आपल्याकडे सीएनजी किट चाचणी होऊनच मंजूर होतं. पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था आहे. विंग आणि बॉडी किटलाही तशीच चाचणी लावा, पास झालेल्याला परवाना द्या.

तोवर गाडीवाल्यांना एकच सांगणं. विंग विकणाऱ्याला विचारा, कुठल्या वेगाला किती किलोचा दाब मिळतो? आकडा मिळाला नाही तर तेच पैसे चांगल्या टायरांवर घाला.