दाखला एक, सल्ले छप्पन

गडग्यापलीकडून "काकूऽऽ" अशी लांबण लावून हाक आली की मी आधी गॅस बंद करते. आखूड हाक असली तर वाटीभर साखर हवी असते. लांब असली तर अर्धा तास गेला म्हणून समजायचं.

"काकू, भाऊजींचा आज तिसरा फोन."

"ठाण्याचे?"

"तेच. म्हणे, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग सोडून दुसरं काही भरू नका. आणि आत्याबाई म्हणतात बीएस्सी करून बीएड कर, सुट्ट्या मिळतात. समोरचा पोस्टमन म्हणतो सीए कर."

"सायन्सच्या पोरीला सीए?"

"तो सगळ्यांनाच सांगतो हो. बायोला तर कुणी विचारतच नाही."

बायो म्हणजे तिची लेक. यंदा बारावी झाली. आपला कोकण विभाग बारावीच्या निकालात दरवर्षी पहिला येतो, पेढे वाटून होतात, आणि पेढ्यांचा खोका रिकामा व्हायच्या आत प्रत्येक घरात हे सुरू होतं. पोरगी पास होते एका दिवसात. तिला कुठे घालायचं, यावर आषाढ संपतो.

"टक्के किती पडले म्हणालीस?" मी विचारलं.

"एक्क्याण्णव. म्हणजे तसे चौऱ्याहत्तर. आता मला पुन्हा विचारू नका, मी भाऊजींपुढेही अशीच गडबडले. त्यांनी तिकडे सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं."

"अगं, चौऱ्याहत्तर हे बोर्डाचे टक्के. एक्क्याण्णव हे सीईटीचं पर्सेंटाइल. परीक्षेला बसलेली शंभर पोरं रांगेत उभी कर. त्यातली एक्क्याण्णव तुझ्या लेकीच्या बरोबरीने किंवा तिच्या मागे. दोनशेपैकी मार्क किती पडले, ते त्या आकड्यात नाहीच."

"मग सरळ मार्क का नाही सांगत?"

"सरळ सांगितलं तर आपण गडग्याशी बोलणार काय?"

ती हसली, पण लगेच पदराला हात पुसत पुढे वाकली. म्हणजे मुद्दा अजून यायचा होता.

"खरी भानगड वेगळीच आहे. पोरीने दोन्ही ग्रुपच्या सीईटी दिल्यात, गणिताचीही आणि बायोलॉजीचीही. इंजिनीअरिंगचा फॉर्म वेगळा, शेतकीचा वेगळा. दोन पोर्टल, दोन पासवर्ड, वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. आणि काल रात्री हळूच म्हणते कशी, आई, मला शिरगावला जायचंय. मासळीच्या कॉलेजात."

आता गंमत बघा. शिरगाव आमच्या रत्नागिरीच्या अगदी शेजारी. तिथलं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. लातूर, सोलापूरकडची पोरं समुद्र न बघता तिथे शिकायला येतात, आणि आमच्या गल्लीतल्या लोकांना ते कॉलेज बसच्या खिडकीतून माहीत.

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगितलं ना! ते म्हणाले, बारावी सायन्स करून कोळीण होणार का तुझी मुलगी?"

"त्यावर तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? फोनवर रेंज गेली असं सांगितलं."

तेवढ्यात मागीलदारी पागोळ्यांच्या आडोशाला बायो दिसली. एक जूनपासून दोन महिने समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे सध्या सगळी खाडीचीच मासळी. पाटावर भाट्याच्या खाडीतली बोय होती, चांगली वीतभर. पोरगी विळीवर ती साफ करत होती, पण हात चालेना. कल्ले उघडून एकेक कमान मोजत होती.

"अगं, कापतेस की पंचनामा करतेस?" आई ओरडली.

"आजी, इकडे या ना जरा," बायोने मला हाक मारली. तिने बोयच्या पोटातून एक गोळी काढली आणि तळहातावर धरली. सुपारीएवढी, पांढरट, दाबली तर रबरासारखी कडक. "हे बघा. कोंबडीचा पेटा असतो ना, तसाच. बोय चिखल खाते, वाळूसकट. तो दळायला हिच्या पोटात जातं आहे हे. दुसऱ्या किती माशांची पोटं कापली मी, असं नव्हतं कुणाचं."

तिने बोटाने ती गोळी चिरली. आत खरोखरच राखी रंगाचा बारीक चिखल. मी साठ वर्षं बोयचं कालवण खातेय. ती गोळी आजवर मांजराला टाकत आले.

पोरगी पुन्हा पाटाशी वळली आणि आईने आवाज खाली आणला. "हे असं रोज चालतं. परवा कोळंबीचे पाय मोजत होती. काकू, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला चार माणसं माहीत. सांगा, यात काही आहे का?"

म्हटलं, मला मासळीतलं फक्त खायचं कळतं. पण मागच्या वर्षी ओळखीतल्या एका मुलाने तिथूनच पदवी घेतली, त्याच्याकडून ऐकलेलं सांगते. चार वर्षं, आठ सेमिस्टर. तळ्यातली शेती, निमखाऱ्या पाण्यातली कोळंबी, माशांचे रोग, जाळी आणि होड्या, मासळी गोठवून बाहेरदेशी पाठवायची कशी, सगळं. शेवटच्या वर्षाला गावात आणि कारखान्यात जाऊन काम करावं लागतं. पुढे वर्सोव्याला केंद्राची मोठी संस्था आहे, तिथे एमएफएस्सी. सरकारी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा आहेत. बँकेत शेती अधिकाऱ्याच्या जागा निघतात, त्यालाही ही पदवी चालते. आमच्या शाखेत आलेला एक साहेब मासळीचाच पदवीधर होता. तलावांची कर्जं तोच बघायचा, आम्ही नुसते शिक्के मारायचो.

"पण इंजिनीअरिंगला पगार मोठा..."

"मिळतोही. मी कुठे नाही म्हणते? ज्याला कोड लिहिताना रात्र कळत नाही, त्याने डोळे मिटून कॉम्प्युटर घ्यावं. पण कट-ऑफ उंच म्हणून कोर्स चांगला, हे म्हणजे रांग मोठी म्हणून भेळ चांगली म्हणण्यासारखं. माझंच बघ. मैत्रिणीने कॉमर्स घेतलं म्हणून मी घेतलं. ती एफवायला लग्न होऊन गेली आणि मी तीस वर्षं ताळेबंद जुळवत बसले. वाईट काही झालं नाही, पण निवड माझी नव्हती, एवढं खरं."

ती गप्प झाली. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "भाऊजी तर म्हणतात, यादीत नाव नाही लागलं तर त्यांच्या ओळखीने मॅनेजमेंट कोट्यातून बसवतील नवी मुंबईत."

"थांब. तुमचा उत्पन्नाचा दाखला कितीचा आहे?"

"आठ लाखांच्या बराच आत. आणि ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर काढलंय. सेतूत चार खेपा झाल्या."

"मग नीट ऐक. २०२४ पासून अशा मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. इंजिनीअरिंगलाही आणि शेतकी-मासळीलाही. पण प्रवेश सरकारी फेरीतून, कॅपमधून झाला तर. ओळखीच्या कोट्यातून गेलीस की सवलत गेली. भाऊजींची ओळख तुला लाखात पडेल. आणि फी माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. खोली, मेस, छत्री, मोबाइल सगळं आपलंच. शिरगावला नंबर लागला तर ती घरून जाईल, एसटीचं अर्धं तिकीट."

"आणि शिरगावला नाही लागला तर?"

"मासळीची कॉलेजं नागपूर, उदगीरलाही आहेत. शेतकी आहे, वनशास्त्र आहे. तेही फॉर्मात घाल, पण मनापासून जाईल तेवढंच. इंजिनीअरिंगच्या फॉर्मात तर पहिल्या क्रमांकाला जे लिहाल आणि पहिल्या फेरीत लागलं, ते घ्यावंच लागतं. नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. लोक पहिल्या ओळीत शेजाऱ्यांना दाखवायचं कॉलेज लिहितात आणि चौथ्या ओळीत स्वतःला हवं ते. मग पहिलं लागतं आणि पोरगं रडतं."

"माझ्या माहेरच्या भाच्याचं तसंच झालं! त्याला बीएमएस हवं होतं. त्याच वर्षी त्या कोर्सला सीईटी आली, याने दिलीच नाही. मग कॉलेजने म्हणे त्याच कोर्सचं नाव बदलून बीकॉममध्ये काहीतरी केलं. आता तो नक्की काय शिकतोय ते त्यालाही सांगता येत नाही."

"म्हणूनच सांगते, पाटीवरचं नाव वाचू नका. दोन्ही कोर्सच्या विषयांची यादी काढा, तिसऱ्या वर्षाची. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच कंटाळवाणं असतं. तिसऱ्या वर्षाचे विषय वाचताना जिथे पोरगी पान उलटायची थांबेल, ते पहिल्या ओळीत."

"काढलीय यादी," बायो मागून म्हणाली. आम्हाला वाटलं होतं तिचं लक्ष नाही. "दोन्हीकडची. इंजिनीअरिंगची वाचताना मला झोप आली. खोटं नाही सांगत, आई. वहीवर डोकं ठेवूनच झोपले."

आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो, तो एकाच कॉलेजात जमा होतो. झेरॉक्स काढाव्यात दहा, सल्ले घ्यावेत छप्पन, पण तो पिवळट कागद एकदाच हातातून सुटतो. तिच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं.

तेवढ्यात आत फोन वाजला. ती धावत गेली. गडग्यावरून मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"हो भाऊजी... नाही, रेंज आहे आज... हो, ठरलं असं समजा... भाऊजी, गणपतीत आलात की सुरमईचे चार तुकडे घेता ना? त्याचं कालवण करणारी चालते, मग त्याचं शिकणारी का चालू नये?"

मागीलदारी विळीचा आवाज थांबला होता. संध्याकाळी माझ्याकडे झाकण ठेवलेला वाडगा आला. बोयचं कालवण होतं, आणि झाकणावर वाटीत वेगळी ठेवलेली ती गोळी, चिरलेली.

"आजी, मांजराला टाकू नका," बायोने निरोप पाठवला होता. "आधी नीट बघा."