तांबडीच्या तोंडात हात

"बाई, ऐकलं का? वरच्या आळीतली तांबडी गेली!"

"कोणती हो मावशी? वसुबारसेला ओवाळली ती?"

"तीच की. दोन दिस चाऱ्याला तोंड लावलं नाही. लाळ गळायली, आवाज घोगरा. समद्यांना वाटलं, घशात काहीतरी अडकलं. घरधन्यानं कोपरापर्यंत हात घातला तोंडात."

"सापडलं काही?"

"काय सापडणार! महिन्यामागं नाकाला कुत्रं चावलं होतं तिला. तवा चुना फासला आन् झाले मोकळे."

पैठणकडच्या आमच्या या पट्ट्यात बातमी कुंपण ओलांडताना फुगते, त्यामुळे मावशींचं निम्मंच धरायचं असतं. पण तो हात काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. कापूस वेचणीचे दिवस. बोंडाच्या टोकांनी चिरलेली नाहीत अशी बोटं गावात कुणाची आहेत? त्या चिरांत पिसाळलेल्या गाईची लाळ गेली, तर ती चाव्याइतकीच वाईट.

"घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं का त्याला?"

"कशाचं! म्हणतो, गाय थोडीच चावली मला? आन् पोटात चौदा सुया कोण घेईल? दोरा बांधून आला कुठून तरी."

"मावशी, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस 2004 सालीच बंद पडली. आता दंडात देतात. पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28व्या. आणि जखमेत टोचायचं एक औषध वेगळं. पाश्चरनं 1885 साली पोर वाचवलं, आपण अजून चुन्यावरच!"

मावशी गप्प. मावशी गप्प म्हणजे पोटात काहीतरी आहे. मग हळूच,

"बाई, तांबडीचं दूध आमच्याकडं येत होतं."

तर खरी बातमी ही होती!

"उकळून घेत होतात ना?"

"चहाला. चांगलं उतू जाईस्तोवर."

"मग बिनघोर राहा. पण घरधन्याचं तसं नाही. एकदा पाण्याचा घोट घेताना ठसका लागायला लागला, की घाटीतले काय, मुंबईतले डॉक्टरही हात टेकतात."

"आता तीन दिस झाले की. उपयोग आहे का?"

"आहे. लक्षणं दिसायच्या आत कधीही गेलं तरी लस द्यायचीच असते. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. हात साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायला लावा आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं धाडा. जा, त्याच्या बायकोला गाठा आधी, माझ्याशी नंतर बोला."