अंगठा उमटेना, चेहरा जुळेना

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याच्या आकाशात रोज शाळा भरते. शेजारच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उठतात, घिरट्या घालतात, उतरतात, पुन्हा उठतात. व्यावसायिक परवाना हवा तर २०० तास उडायचं. एकेक तास वहीत चढतो आणि ती वही माणूस जन्मभर जपतो.

खाली धानाच्या बांधीत वाकलेल्या बाईनं आजवर किती तास रोवणी केली, त्याची वही कुठंय?

वही नाही, पण फोटो आहेत हो! रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोन. जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईलवरच्या ॲपनं. सकाळी एक फोटो, दुपारी एक. मधल्या वेळात माती किती उपसली, हे ॲप विचारत नाही.

तलावाच्या खोलीकरणावरचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. हजेरी घेणारा मेट मोबाईल उंच धरून पाळीवर रेंज शोधतोय. बायका घमेली खाली ठेवून रांगेत उभ्या. पदर मागं घ्या, चेहरा दिसू द्या, ती कडेची आत सरका. फोटो निघतो. चढत नाही. पुन्हा उभ्या राहा. एरवी एवढ्या वेळात दहा घमेली माती पाळीवर पडली असती. पण दहा घमेल्यांनी हजेरी कुठं लागते?

मग जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच साक्षात्कार झाला. परिपत्रक निघालं: ॲपवर भलतेच फोटो चढतात, जुन्या फोटोचा फोटो काढून चढवतात, हजेरीत बाई आणि फोटोत बुवा. गैरप्रकारांच्या सात तऱ्हा नोंदवल्या. उपाय काय? ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी एकेक फोटो तपासायचा. शंभर टक्के.

माणसावर विश्वास नव्हता म्हणून यंत्र आणलं. यंत्रावर विश्वास उरला नाही म्हणून माणूस बसवला. रोजगार हमी म्हणतात ती हीच असावी.

डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हमीचा कायदाच बदलला. नाव नवं, १०० दिवसांचे १२५ झाले. पाळीवर रेंज कधी येणार, त्याचं कलम काही सापडलं नाही.

तिकडे जागतिक आर्थिक मंचाचे विद्वान जानेवारी २०२५ च्या अहवालात सांगून गेले की २०३० पर्यंत कामगारांची ३९ टक्के मूळ कौशल्यं बदलतील. कामठ्यानं त्यांची वाट पाहिली नाही. इथं चेहरा सरळ धरणं, सांगितलं की पापणी मिटणं, सर्व्हर उठेपर्यंत बसणं ही कौशल्यं केव्हाच आत्मसात झाली. प्रमाणपत्र तेवढं मिळायचंय.

आणि हात? गोंदिया म्हणजे धान आणि विडी. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा मारायचा. बाईचं लक्ष गप्पांत असतं, बोटं आपली चालू असतात. हे शिकायला वर्षं जातात आणि तेवढ्यात बोटांच्या रेषाही जातात. मग रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्र म्हणतं, अंगठा जुळत नाही. कसब जितकं मुरलेलं, तितकी ओळख पुसट.

जिचा अंगठा झकास उमटतो, तिनं आयुष्यात काय केलं म्हणायचं?

अंगणवाडी सेविकांनी मात्र सरकारला एक धडा दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी सरकारी मोबाईल सरकारच्या पदरात परत टाकले. जुना फोन, अपुरी मेमरी आणि पोषणाचं ॲप इंग्रजीत. पोरांचं वजन मराठीत घ्यायचं आणि भरायचं इंग्रजीत. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढं सुधारणा झाल्या, नाही असं नाही. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी मातेचा चेहरा ओळखावा लागतो. सेविका त्या मातेला तिच्या लग्नापासून ओळखते, पण तिला कोण विचारतो?

शेतकऱ्याचं म्हणाल तर तो स्वावलंबी झाला. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी आली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा!’ बांधीत उभं राहून धानाचा फोटो काढायचा, ॲपमध्ये चढवायचा. आता गावोगाव नोंदणीला सहायक नेमलेत. ‘मीच’ला मदतनीस लागला.

तलाठ्याचंही आधुनिकीकरण झालं. तो ग्राम महसूल अधिकारी झाला. भेटतो मात्र अजून तेव्हाच, जेव्हा भेटतो.

धान कापायला हार्वेस्टर आला. दिवसांचं काम तासांवर. मजुरी गेली, ठीक, जग बदलतं. पण चिंध्या होऊन बांधीत विखुरलेलं तणस बैलापुढं काय टाकणार? यंत्र माणसाच्या पोटावर येतं हे ऐकून होतो, बैलाच्याही येतं हे कळलं.

तरीही निराश होऊ नका. ड्रोन दीदी आहे! नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायची योजना मंजूर केली. बाईनं बांधावर उभं राहावं, बटण दाबावं, फवारणी व्हावी. चित्र सुंदर आहे.

फक्त कामठ्याला विमानतळ खेटून आहे. ड्रोनचे २०२१ चे नियम सांगतात, चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही.

जमीन तिची. वरची हवा शाळेची.

आषाढात एकदा इकडे येऊन बघा. रोवणीची टोळी ठेक्यानं बांधी घेते. मेट नाही, फोटो नाही, अंगठा नाही. सूर्य कलला की मालक धुऱ्यावर येऊन नुसती नजर फिरवतो. रोवा विरळ असेल तर तिथल्या तिथं दिसतो, कुणाच्या हातचा तेही बायका बरोबर सांगतात. एखादी नवी पोरगी विमानाच्या आवाजानं मान वर करते, मागं सरकते. धानाच्या रोपांच्या पेंड्या मागंच पडलेल्या असतात.

“मागं पाह्य वो,” शेजारची ओरडते, “परे तुडवशीन!”