हसण्याचं कंत्राट

आमच्या महापालिकेत खात्याने स्वतः करायचं असं काम आता फारसं उरलेलं नाही. रस्ते झाडायला कंत्राटदार, कचरा उचलायला कंत्राटदार, बागेतल्या झाडांना पाणी घालायला कंत्राटदार. आणि या सगळ्यांनी काम केलं की नाही ते बघायला सल्लागार, म्हणजे आणखी एक कंत्राटदारच, फक्त याला बसायला गाडी लागते. यात नावं ठेवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. रात्रीचं जेवण उरकून टीव्हीसमोर बसलो की आपणही हेच करतो. आपलं हसणं आपण केव्हाच बाहेर दिलं. चिडणंही दिलं. रडण्याची निविदा निघाली होती, तीही मंजूर झाली. आपल्याकडे देखरेखीचं काम तेवढं उरलं, आणि त्यातही आपलं लक्ष हातातल्या मोबाइलकडे.

हसण्याचंच बघा. कुठलाही विनोदी कार्यक्रम लावा. स्टेजवर दोघंतिघं जीव तोडून स्किट करत असतात. समोर मऊ खुर्च्यांत परीक्षक. पहिल्या वाक्याला ते हसतात, दुसऱ्याला टाळी देतात, तिसऱ्याला खुर्चीतून घसरतात आणि चौथ्याला डोळे पुसतात. पाचवं वाक्य लेखकाला अजून सुचलेलंही नसतं. मग कॅमेरा प्रेक्षकांवर जातो. तिथे चौकड्याच्या शर्टातले एक काका मांडीवर थाप मारून हसताना दिसतात. पुढच्या स्किटलाही तेच काका, त्याच मांडीवर, त्याच कोनातून थाप मारतात, फक्त शेजारच्या काकूंच्या हातातली पाण्याची बाटली मधल्या काळात भरलेली असते. इकडे आपल्या दिवाणखान्यात चार माणसं चार फोनमध्ये. कार्यक्रम संपला की त्यातलं एक जण मान वर न करता म्हणतं, "भारी होतं हं आजचं."

ही युक्ती आपली नव्हे. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या एका साउंड इंजिनिअरने 1950 च्या दशकात हसण्याची पेटीच तयार केली होती. तिला टाइपरायटरसारखी बटणं. एक दाबलं की खुदकन, दुसरं दाबलं की खो-खो, तिसऱ्याला मागच्या रांगेतल्या एखाद्या बाईंची किंकाळी. मालिका तयार झाली की डग्लस पेटी घेऊन यायचा आणि जिथे विनोद कमी पडलाय तिथे हशा भरून द्यायचा. पेटीत काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून तिला कुलूप. एकदा टेपवर घेतलेलं हसणं वर्षानुवर्षं चालायचं. त्या टेपवरची कितीतरी माणसं पुढे वारली असतील, पण हसायची काही थांबली नाहीत.

आपण त्यात सुधारणा केली. पेटी काढून तिच्या जागी माणूस बसवला. नवज्योतसिंग सिद्धू 2005 मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'च्या परीक्षकांत होते, तेव्हा ते अमृतसरचे खासदारही होते. पुढे कपिल शर्माच्या कार्यक्रमात त्यांना हसण्यासाठी कायमची खुर्ची मिळाली. 2017 मध्ये ते पंजाबात मंत्री झाले, खातं मिळालं स्थानिक स्वराज्य संस्थांचं, तरी त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. मंत्र्याने टीव्हीवर मोबदला घेऊन हसावं का, असा प्रश्न निघाला. राज्याच्या महाधिवक्त्यांचं मत मागवलं गेलं आणि कायद्याची आडकाठी नाही असा निर्वाळा मिळाला. मला तो निर्वाळा मनापासून पटला. गटारं, दिवाबत्ती, घरपट्टी आणि डंपर ज्याच्या खात्यात आहेत त्या माणसाला एवढं हसू येत असेल, तर कायदा तरी काय करणार? 2019 मध्ये त्या खुर्चीत अर्चना पूरणसिंग आल्या. कंत्राटदार बदलला, हशाचा पुरवठा सुरळीत राहिला.

कलाकारांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पत्रं येतात. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तली मंडळी आठवड्याला जेवढा मजकूर पाठ करतात तेवढा आम्ही शाळेच्या दहा वर्षांत केला नाही. समीर चौघुले नुसते बावचळून बघतात त्यातही मजा असते. नम्रता संभेराव बोलायला लागल्या की गल्लीतली कुठली बाई त्यांनी उचललीय ते ओळखता येतं. 'चला हवा येऊ द्या'तल्या भाऊ कदम यांनी तर काही न बोलता नुसतं उभं राहावं, तेवढ्यावर भागतं. पण त्यांना नुसतं उभं राहू देतील तर ना! साडी नेसवतात. पुरुषाने साडी नेसली, पदर खोचला, की लेखकाची अर्धी पानं वाचतात. उरलेली अर्धी पानं जाडेपणा, टक्कल, काळा रंग आणि बायकोची माहेरची माणसं यांत बसतात. यात आता नवीन काय निघणार? पण दर आठवड्याला काही ना काही निघावंच लागतं, कारण स्लॉट आहे, प्रायोजक आहे आणि खुर्चीतला माणूस हसायला येऊन बसलेला आहे.

'चला हवा येऊ द्या' 2014 मध्ये सुरू झालं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. पाहुण्यांना हसवून झालं की पोस्टमनच्या खाकी कपड्यांत सागर कारंडे यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचून दाखवायचे. कधी शेतकऱ्याचं, कधी सैनिकाच्या घरचं. पाहुणे डोळ्यांना रुमाल लावायचे. पत्रं चांगली असायची, काही तर फारच. पण हसवायचं काम आणि रडवायचं काम एकाच ठेकेदाराकडे गेलं की मला आमचा रस्ता आठवतो. तो करणाराही तोच आणि पंधरा दिवसांनी खणणाराही तोच.

आता या सगळ्यात घर कुठे गेलं, हा माझा खरा प्रश्न. मराठी विनोद घरात वाढला. चिं. वि. जोशींचे चिमणराव 1940 मध्ये 'लग्न पहावं करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांच्या रूपाने आले. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे त्यांचे जोडीदार गुंड्याभाऊ. तेच प्रभावळकर 2001 मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा होऊन आले. सून, मुलगा, नातवंडं आणि रोजनिशी लिहिणारे आजोबा. त्या मालिकेत कुणी खुर्चीत बसून हसायला नव्हतं. ते काम घरोघरी फुकटात व्हायचं. हे सगळे विनोद एका गोष्टीवर चालायचे. दार उघडं असायचं. कुणीतरी न कळवता यायचं, चहाच्या वेळेला यायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत बसायचं. घरात साखर नसायची, पैसे नसायचे आणि पाहुण्यांना जायची इच्छा नसायची. झालं कथानक.

आज गुंड्याभाऊ आमच्या सोसायटीत आले असं धरून चला. फाटकावरच त्यांना थांबवलं जाईल. नाव? कुठल्या विंगमध्ये? कुणाकडे? काम काय? मास्तर, जरा टोपी काढा, फोटो घ्यायचाय. मग चिमणरावांच्या मोबाइलवर सूचना जाईल: पाहुणे आले आहेत, मंजूर की नामंजूर? चिमणराव त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, म्हणजे बेडरूममध्ये, वर सदरा आणि खाली हाफ पँट अशा अवस्थेत. त्यांना सूचना दिसणार नाही. दहा मिनिटांनी वॉचमन गुंड्याभाऊंना जेवणाचं पार्सल आणणाऱ्या मुलांच्या रांगेत उभं करेल आणि ओटीपी मागेल. गुंड्याभाऊ ओटीपी हा काहीतरी अपमान समजून तिथेच बाह्या सरसावतील. मालिका संपली. तीही पहिल्या जाहिरातीच्या आत. म्हणून विनोद स्टेजवर गेला असावा. स्टेजवरच्या प्लायवूडच्या दारातून अजूनही कुणीही न सांगता आत येऊ शकतं, कारण तिथे वॉचमन नेमलेला नाही.

चिडण्याचं कंत्राट वृत्तवाहिन्यांकडे आहे. पूर्वी हे खातं नव्हतं. मुंबई दूरदर्शनवर सात वाजता प्रदीप भिडे बातम्या द्यायचे. सरकार पडलं तरी भिड्यांचा आवाज पडत नसे आणि युद्ध झालं तरी चढत नसे. घाबरायचं की नाही, हे ते आपल्यावर सोडत. आपण आपल्या ऐपतीप्रमाणे घाबरत असू. जून 2022 मध्ये ते गेले. त्याच महिन्यात शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले आणि वाहिन्यांना पुरेल एवढं काम मिळालं.

तो आठवडा मी सविस्तर पाहिलेला आहे. महाराष्ट्राचं सरकार बदलत होतं आणि महाराष्ट्र एका हॉटेलचं फाटक बघत होता. एक गाडी आत गेली. ब्रेकिंग. एक गाडी बाहेर आली. मोठी बातमी. ती रिकामी होती. आत्ताची सर्वात मोठी बातमी. प्रतिनिधी पावसात छत्री धरून उभा. स्टुडिओतून त्याला विचारलं जातं, "काय सांगाल?" त्याला सांगण्यासारखं काही नसतं, कारण त्यालाही आमच्या गुंड्याभाऊंसारखं आत सोडलेलं नसतं. तरी तो मागे बोट दाखवून म्हणतो, "आपण बघू शकता." आणि आपण बघू शकत होतो. फाटकच. अशा वेळी सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं: "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील." त्या वर्षीचा सगळ्यात चाललेला विनोद कुठल्याही विनोदी कार्यक्रमाच्या लेखकाने लिहिलेला नव्हता. तो एका आमदाराने कार्यकर्त्याला फोनवर सहज सांगितला, परीक्षक नसताना, एकाही रीटेकशिवाय. विनोदी कार्यक्रमांनी नंतर त्याच्यावर स्किटं बसवली आणि परीक्षक खुर्चीतून घसरले.

"काय सांगाल?" या प्रश्नाबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. हा मराठी पत्रकारितेने लावलेला सर्वांत मोठा शोध आहे. निवडून आलेल्याला विचारता येतो, पडलेल्याला विचारता येतो, पुरात घर गेलेल्याला आणि दहावीत पहिल्या आलेल्या मुलीच्या आईलाही. बिबट्यालाही विचारला असता, पण तो सीसीटीव्हीत फक्त चार सेकंद दिसतो. त्या चार सेकंदांभोवती लाल वर्तुळ, त्यात बाण, खाली 'थरार', मागे ढोल, आणि तो बिचारा संध्याकाळभर त्याच कंपाउंडवरून त्याच कुत्र्याकडे झेपावत राहतो. कुत्र्याचं पुढे काय झालं हे कुठलीच वाहिनी सांगत नाही. मला खरं तर तेवढंच हवं असतं.

स्थानिक बातमी म्हणजे काय, ते अजूनही छापील पेपराच्या आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात कळतं. 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद.' खाली पेठांची, उपनगरांची नावं, आणि शेवटी ते अमर वाक्य: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येण्याची शक्यता. पुण्यात एवढ्या विश्वासाने वाचली जाणारी दुसरी बातमी मला ठाऊक नाही. तिच्यात विश्लेषण नाही, सूत्रांची माहिती नाही, कुणाची जळजळीत टीका नाही. ती वाचून माणूस उठतो आणि बादल्या भरतो. शंभर बातम्या सुपरफास्ट ऐकून कुणी काय भरल्याचं ऐकिवात नाही.

आणि जिच्यावर एखाद्या वाहिनीने महिनाभर बसायला हवं होतं, ती गोष्ट चौकाचौकात डोक्यावर लटकत होती. मुंबई-पुण्यासह कित्येक महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मतदान झालं ते जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. एकही नगरसेवक नाही. भावी नगरसेवक मात्र प्रत्येक खांबावर. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावून, हात जोडून, भोवती अंगठ्याएवढ्या पन्नास शुभेच्छुकांसह. आमच्या चौकातल्या एका भावींच्या मिशा या काळात पिकल्या. पुढच्या फ्लेक्सवर त्या काळ्या झाल्या, हा भाग वेगळा. त्यांचा 'भावी' काही पिकेना. हे असं घडलेलं विनोदी कथानक देशात दुसरीकडे कुठे मिळालं असतं? पण त्यावर ना स्किट झालं ना चर्चा. चर्चेला नगरसेवक लागतात आणि स्किटला फ्लेक्सवरच्या माणसांची भीती वाटते.

या काळात सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सगळ्या भावनांची सोय झालेली आहे. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेला तो पिवळा चेहरा आठवतोय? ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी 2015 सालचा शब्द म्हणून या चित्राचाच सन्मान केला होता. तो पाठवायला हसावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आमच्याकडे हा चेहरा लोक जांभई देता देता पाठवतात. परवा ग्रुपवर बी विंगमधले एक आजोबा गेल्याची बातमी आली, रीतसर, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे वगैरे. तिच्याखाली पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तेच चेहरे तीन टाकले. काकांना वाटलं, तो ओक्साबोक्शी रडतोय. खालच्यांनी मूळ बातमी उघडलीच नाही. वरच्याने जे टाकलं तेच त्यांनीही टाकलं, एकेकाने पाच-पाच. सेक्रेटरींनी एक अंगठा वर केला. मग आजोबांच्या धाकट्या मुलाने सगळ्यांचे आभार मानले आणि पुढे विचारलं, उद्या गुरुवार आहे, टँकर लागेल, कुणाकडे नंबर आहे का? त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.