कोमट बिअरचं खूळ

ऐकलंत का? आधी दार लोटून घ्या, मग सांगते. आपल्या मंडळातले ते भावजी आठवतात ना, गणपतीच्या वर्गणीचा पेनी-पेनीचा हिशेब ठेवणारे? हल्ली दर शनिवारी दुपारी गृहस्थ घरातून गायब. गाडी दारात उभी, आणि हे जातात बसने. खिशात एक वही. वहिनींना संशय यायचा तो आलाच. एकदा त्यांनी हळूच वही उघडली, तर आत नावंच नावं, आणि प्रत्येक नावापुढे पाचपैकी गुण. ‘गोल्डन ग्लो – साडेतीन. डार्क रूबी – साडेचार.’ वहिनींचे हातपायच गार पडले. ही रूबी कोण सटवी? दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला की रूबीबाई सेजली गावात पिंपात राहतात.

दुसरी बाई असती तर माहेरी जायची धमकी तरी देता आली असती. पिंपाला काय डोंबल धमकी देणार?

आणि एकटे भावजीच बिघडले असते तरी एक वेळ चाललं असतं. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला डडली, नेदरटन, ब्रायर्ली हिल, सेजली अशी गावं एकमेकांना खेटून आहेत. कोळशाच्या खाणी आणि भट्ट्यांच्या धुरामुळे या पट्ट्याला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात. इथे आलेली आपली चांगली शिकली-सवरली माणसं, इस्पितळातले डॉक्टर काय, संगणकवाले काय, एकेक करून या ‘रिअल एल’च्या नादी लागताहेत. लपूनछपून प्यायले असते तर आम्ही समजून घेतलं असतं. पण हे उघडपणे, ग्लास उजेडाकडे धरून, वास घेऊन, वर चर्चा करून पितात!

बरं, पितात ते तरी काय? सांगायचीही लाज वाटते. कोमट बिअर! नेहमीची बिअर कारखान्यात गाळतात, तापवून तिच्यातलं यीस्ट मारतात आणि वायूच्या दाबाने नळातून सोडतात, थंडगार आणि फसफसती. ती या मंडळींना वर्ज्य. यांना हवी असते पबच्या तळघरात येऊन पडल्यावरही पिंपातल्या पिंपात आंबत राहणारी, जिवंत यीस्टची. तापमान बारा अंशांच्या आसपास, बुडबुडे बेताचे. मुंबईच्या परमिट रूममध्ये अशी बिअर समोर आली तर वेटरची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली गेली असती. इथे त्याच कोमटपणासाठी लोक दोन-दोन बस बदलून जातात.

याच्या मागे एक अख्खी संघटना आहे हो! ‘कॅमरा’ नावाची. साठच्या दशकात इंग्लंडातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी पिंपं मोडीत काढून सगळीकडे वायूवाली बिअर घुसवायला सुरुवात केली. वॉटनीची ‘रेड बॅरल’ त्यात सगळ्यात बदनाम. तेव्हा 1971च्या मार्चमध्ये मायकल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर या चौघांनी ठरवलं की हे चालू द्यायचं नाही. इंग्लंडच्या बिअरची अब्रू वाचवायला हे बसले कुठे, तर आयर्लंडमध्ये! केरी परगण्यातल्या डनक्विनच्या क्रूगर्स बारमध्ये, सुट्टीवर गेले असताना. सुरुवातीचं नाव इतकं लांबलचक होतं की 1973 साली ते सोपं करावं लागलं. दोन ग्लासांनंतर जीभ वळत नसणार, दुसरं काय! 1974च्या त्यांच्या ‘गुड बिअर गाइड’मध्ये वॉटनीबद्दलचा शेरा इतका जहाल होता की छापलेल्या प्रती मागे घेऊन तो सौम्य करावा लागला. आज सभासद दीड लाखाच्या घरात आहेत. गावोगावी शाखा, शाखांच्या बैठका, बैठकांची इतिवृत्तं. प्यायला बसायचं आणि इतिवृत्त लिहायचं! शिव शिव!

एका पबवाल्याने आम्हाला कौतुकाने तळघर दाखवलं. पिंपं आडवी झोपवलेली. प्रत्येकाच्या पोटावर एक बूच आणि बुचात बोटाएवढी लाकडी खुंटी. पिंप आलं की आधी मऊ लाकडाची खुंटी मारायची. तिच्यातून वायू सुटतो, फेस उसळून वर येतो. दर थोड्या वेळाने तो पुसायचा आणि बघत बसायचं. फेस यायचा थांबला की कडक लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. घाई केली तर बिअर गढूळ, विसरलं तर मिळमिळीत. एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपलंच पाहिजे, नाहीतर आंबूस वास मारायला लागतं. नऊ गॅलनच्या छोट्या पिंपात, म्हणजे फर्किनमध्ये, 72 पाइंट मावतात. आता तुम्हीच हिशेब करा, ओस पडलेल्या पबमध्ये तीन दिवसांत ते खपायचं कसं! तो पबवाला त्या खुंटीवर कान लावून असा उभा होता की मी आपली गुपचूप जिन्याने वर आले.

आणि आता खरी बातमी. ऐकून पदर सावरा. ही बिअर नितळ व्हावी म्हणून पिंपात काय घालतात माहीत आहे? माशाच्या पोटातल्या फुग्याची खळ! वाळवून, विरघळवून. ती गाळ धरून तळाशी बसते. काही दारूवाले आता ती घालत नाहीत आणि बिअर थोडी गढूळ दिसली तर दिसू देतात. पण जुन्या वळणाच्यांकडे फुगा अजून आहेच. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, श्रावण इतका कडक पाळणारे की अंड्याचा केकसुद्धा नाही. ते अख्खा श्रावण पबमध्ये बसून ‘हे काय, बार्लीचं पाणीच तर आहे’ म्हणत होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “फुगा तळाशी राहतो ना? मग झालं तर. आपण वरची पितो.” ग्लास मात्र खाली ठेवला नाही हो!

आमच्या ह्यांचा युक्तिवाद तर त्याहून वरचढ. म्हणे, एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी बर्टनहून पेल एलची पिंपं केपला वळसा घालून जहाजांतून यायची. त्याचे पैसे शेवटी आपल्याच लोकांच्या घामातून गेले. आता आपण इथे येऊन वसुली करतो. वसुलीचं बिल मात्र आमच्या घरखर्चातून!

म्हटलं, स्वतः जाऊन बघावं. हेरगिरीला हो, हौसेला नाही. आधी ब्रायर्ली हिलच्या ‘द व्हाइन’मध्ये. त्याला सगळे ‘बुल अँड ब्लॅडर’ म्हणतात, कारण पूर्वी इथे खाटीकखाना होता. 1877पासूनच्या बॅथम्स दारूवाल्यांचा हा घरचा पब. दारूची भट्टी शेजारीच. दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत चक्क शेक्सपिअर रंगवलाय, ‘द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना’ नाटकातलं एलची तारीफ करणारं वाक्य. आत पाहते तर काय, ओरडाआरडा नाही, मारामारी नाही, मोठ्या आवाजाचं संगीत नाही. एक आजी विणकाम करत बसलेल्या. टेबलाखाली कुत्रा. खायला गोल पाव, त्यात बोटभर जाडीचं चीज आणि कच्च्या कांद्याची चकती. सगळं इतकं सोज्वळ की माझी घोर निराशा झाली.

सेजलीचं ‘बीकन’ त्याहून तऱ्हेवाईक. मधोमध एक लाकडी खोपटं आणि त्याला सगळ्या खोल्यांकडे उघडणाऱ्या, एसटीच्या तिकीटखिडकीसारख्या इवल्या खिडक्या. वाकून मागायचं, वाकून घ्यायचं. हेच ते रूबीचं माहेर. सेरा ह्यूज नावाच्या बाईंनी हा पब घेतला आणि मागच्या भट्टीत सहा टक्क्यांची गडद, गोडसर ‘माइल्ड’ बिअर गाळली. भट्टी पुढे कित्येक वर्षं बंद होती. नातवाने 1987 साली आजीच्याच नावाने ती पुन्हा पेटवली. बाईच्या नावाची दारू, आणि पुरुष ती मान वाकवून घेतात, यात मला थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

नेदरटनचं ‘ओल्ड स्वान’ तर अजब. मान वर करा, छताला एनॅमलचे पत्रे आणि मधोमध भलामोठा हंस. याच गावात टायटॅनिकचा नांगर घडला. लोखंडाच्या भट्टीपुढे दिवसभर घाम गाळणाऱ्या कामगारांना पाण्याऐवजी हलकी माइल्ड लागायची, म्हणून या भागात ती टिकली. डोरिस पार्डो नावाच्या बाईंनी हा पब असा चालवला की लोक त्याला अजून ‘मा पार्डोज’ म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशभरात स्वतःची बिअर स्वतः गाळणारे जुने पब उरले होते फक्त चार. त्यातला हा एक. दरारा बाईचा, हा प्रकार इथेही आहे म्हणायचा!

या मंडळींची भांडणं मात्र बघून घ्या. बिअर ओढायच्या पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावावी की नाही, यावर उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक हातघाईवर येतात. चकती लावली की दाट साय धरते, उत्तरेवाले खूश. दक्षिणेवाले म्हणतात, त्याने चव मरते. ग्लासात फेस किती आणि बिअर किती, यावरही मोर्चे! आणि बिअरची नावं? काही इतकी चावट होती की 2019च्या कॅमराच्या राष्ट्रीय महोत्सवात बायकांची टिंगल करणाऱ्या नावांवर बंदी घालावी लागली. एवढं शहाणपण सुचायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, हे मात्र खरोखर लाजिरवाणं.

लाजेचंच बोलायचं तर बाजूच्या स्मेथिकचं ऐका. साठच्या दशकात तिथल्या पबमध्ये भारतीय कामगारांना आतल्या चांगल्या खोलीत प्यायला देत नसत. 12 फेब्रुवारी 1965 रोजी अमेरिकेतला कृष्णवर्णीय पुढारी माल्कम एक्स तिथे आला, इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जौहल यांच्याबरोबर ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये गेला. त्यालाही आतल्या खोलीत नकारच मिळाला. त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदाला मनाई करणारा कायदा झाला. आज या पट्ट्यातले कितीतरी पब पंजाब्यांचे आहेत. एका हाताने पाइंट, दुसऱ्या हाताने तडतडत्या तव्यावरचं मिक्स्ड ग्रिल, आणि गोरे आजोबा तिखट खाऊन नाक पुसत बसलेले. वेस्ट ब्रॉमविचच्या ‘रेड लायन’ला जाऊन बघा. कुणी कुणाला बिघडवलं, सांगता येत नाही.

तेव्हा भावजींच्या वहीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. या भागातलं खरं लफडं वेगळंच आहे. हिमलीचा ‘क्रुकेड हाऊस’ पब माहीत असेलच. 1765चं घर. खाली कोळशाची खाण खचली आणि एक बाजू दुसरीपेक्षा चार फूट खाली गेली. टेबलावर गोटी ठेवली तर ती चढाकडे धावतेय असा भास व्हायचा. शुद्धीतला माणूसही आत गेल्यावर झिंगायचा. दीडशे-दोनशे वर्षं वाकडं उभं राहिलं बिचारं. 2023च्या जुलैत ते विकलं गेलं. 5 ऑगस्टच्या रात्री त्याला आग लागली आणि दोनच दिवसांत बुलडोझरने ते जमीनदोस्त झालं. इंग्लंडात 2017पासून पब पाडायला नियोजन खात्याची परवानगी लागते. इथे कसली परवानगी आणि कसलं काय! पोलिसांनी आग मुद्दाम लावल्याच्या संशयावरून तपास सुरू केला. लोक तिथे फुलं ठेवायला गेले, विटांवर पहारे बसले. 2024च्या फेब्रुवारीत साउथ स्टॅफर्डशायरच्या परिषदेने फर्मान काढलं: तीन वर्षांत होतं तसं पुन्हा बांधा. म्हणजे वाकडंच! मालकांनी त्याविरुद्ध अपील केलं.

कोमट बिअर पिणारे वेडे आहेत, हे माझं मत कायम आहे. पण एका रात्रीत पब पुसून टाकण्यापेक्षा हे वेड परवडलं. ‘क्रुकेड हाऊस’साठी आरडाओरडा करणाऱ्यांत पहिले हेच वहीवाले होते.

तेव्हा जाणारच असाल तर शनिवारी नको, आडवारी जा. शनिवारी पब कसाही चालतो. पिंप नासतं ते मंगळवारी-बुधवारी. अर्धा पाइंट मागितला तरी कुणी हसत नाही. बिअर आंबट लागली तर न भांडता सांगा, बदलून देतात. आणि टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नका, कोणी येत नाही. काउंटरशी उभं राहायचं आणि आपल्या आधी कोण आलं होतं, ते लक्षात ठेवायचं.