बॉनेटचा पहाटेचा स्वभाव

गाडी जुनी झाली की मालकाला हळूहळू वैराग्य येतं. एसीने मान टाकली की तो खिडक्यांचे गुण सांगू लागतो, आणि मागची डावी काच खाली जाईनाशी झाली की त्या बाजूला पाहुण्यांना बसवतो. या वैराग्याला माझी हरकत नाही, उलट थोडा आदरच आहे. पण बॉनेट तोलून धरणारे दोन गॅस शॉकर थकतात आणि त्यांच्या जागी झाडूचा दांडा येतो, तेव्हा मात्र मला बोलावंसं वाटतं. खरा विरक्त स्वतःच्या सुखावर पाणी सोडतो, हा मेकॅनिकच्या डोक्यावर बॉनेट सोडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या गाडीच्या बाकी सगळ्या दुखण्यांकडे खुशाल काणाडोळा करावा, हे दुखणं मात्र त्याच आठवड्यात निस्तरावं. कारण बाकीचे भाग कुरकुरतात, गळतात, धूर सोडतात, म्हणजे निदान प्रामाणिकपणे बिघडतात. शॉकर खोटं बोलतो. (पेट्रोलचा काटाही बोलतो म्हणा, पण त्याने टेंगूळ येत नाही.)

हा खोटेपणा त्याच्या घडणीतच आहे. शॉकर म्हणजे एक बंद नळी. आत टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाबाने कोंबलेला नायट्रोजन, जरासं तेल, एक दट्ट्या आणि बाहेर डोकावणारा चकचकीत दांडा. जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या स्टॅबिलस कंपनीने १९६२ पासून ही चीज मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. गंमत अशी, की बॉनेट बंद असतं तेव्हा दांडा आत गेलेला असतो, त्यामुळे वायू आणखी दाबला जातो. म्हणजे गाडी स्वस्थ उभी असते तेव्हाच याच्यावर सगळ्यात जास्त ताण. आता नवी मुंबईतल्या आमच्या उलव्यातली गाडी बहुतेक वेळ उभीच असते. मालक बामणडोंगरी किंवा खारकोपरला लोकल पकडून कामाला जातो आणि गाडी आठवडाभर इमारतीच्या खांबांमध्ये धूळ खाते. मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून मालक खूश. इकडे नळीच्या तोंडाशी असलेलं रबरी सील मात्र किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. ते कडक होत जातं, नायट्रोजन झिरपत राहतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही, डॅशबोर्डवर त्याच्या नावाचा दिवाही नाही.

आणि तरीही बॉनेट वर राहतं. खरी फसवणूक इथे सुरू होते. वायूचा जोर तापमानावर अवलंबून असतो. दर दहा अंशांमागे तो साधारण साडेतीन टक्क्यांनी बदलतो. जानेवारीच्या पहाटेची थंडगार नळी आणि तासभर चाललेल्या इंजिनवर शेकलेली नळी यांच्यात चाळीस अंशांचा फरक पडला, तर जोरात चौदा टक्क्यांची तफावत आली. अखेरच्या घटका मोजणाऱ्या शॉकरला तेवढी पुरते. पहाटे पाण्याची टाकी बघायला उघडलेलं बॉनेट मानेवर येतं, आणि तीच गाडी दुपारी गॅरेजात नेली की तेच बॉनेट ताठ उभं राहतं, जसा घरी कण्हणारा पेशंट दवाखान्याची पायरी चढताच ठणठणीत होतो. मेकॅनिक म्हणतो, "काय नाय झालंय, साहेब." मालक आणि मेकॅनिक, दोघेही खरं बोलत असतात. त्यातून उलव्याची थंडी ती केवढी! नाशिकची गाडी पहिल्याच गारठ्यात पकडली गेली असती. इथे खाडीकाठच्या कोमट हवेत मेलेला शॉकरही दोन-तीन हिवाळे जिवंत म्हणून खपून जातो. शिवाय बॉनेट पूर्ण वर असताना शॉकरला तरफ चांगली मिळते, ते थोडं खाली आलं की ती तरफ कमी होते. म्हणून थकलेला शॉकर वर नीट टिकतो आणि कोपराचा धक्का लागला की मधल्या टप्प्यावर एकदम हात सोडतो. अगोदर विश्वास मिळवून मग दगा देण्याची ही पद्धत माणसांतही आढळते, पण माणसांना बदलण्याचे सुटे भाग मिळत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो दांड्याच्या बाजूने. मारुती ८०० ला १९८३ पासून लोखंडी दांडीच होती, आजही कितीतरी गाड्यांना कंपनी दांडीच देते, मग दांडा वाईट कसा? दांडी वाईट नाहीच. मी तर म्हणेन, ती शॉकरपेक्षा सज्जन आहे, कारण ती एकतर लागलेली असते नाहीतर नसते. पण कंपनीच्या दांडीला खाली बिजागरी असते आणि वर बॉनेटमध्ये तिच्या मापाची खाच असते. झाडूच्या दांड्याला खालचा आधार बॅटरीचा आणि वरचा आधार श्रद्धेचा. पावसाळ्यात खाडीवरून सुटणारा वारा श्रद्धेची कदर करत नाही. "तात्पुरतं आहे हो," असं यावर म्हणतात. उलव्यात राहणाऱ्याने तरी तात्पुरतं आणि कायमचं यातला फरक छातीठोकपणे सांगू नये. इथली उलव्याची टेकडी कायमची वाटत होती, ती विमानतळासाठी कापली गेली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. डिकीतला झाडूचा दांडा मात्र अजून तिथेच आहे.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा: गाडीला चौदा वर्षं झाली, पंधराव्या वर्षी नोंदणी संपणार, आता कशाला खर्च? पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते, पर्यावरण कर भरावा लागतो इतकंच. आणि ती वाढवायची नाही असं आज ठामपणे म्हणणारेच पुढच्या वर्षी आरटीओच्या रांगेत दिसतात. कवटीची मुदत वाढवून देणारी खिडकी तिथे नाही. खर्चाचं म्हणाल, तर अटल सेतू २०२४ साली सुरू झाला तेव्हा मोटारीचा एका बाजूचा टोल २५० रुपये ठरला. समुद्र बघायला तो आनंदाने भरणारा माणूस शॉकरच्या जोडीची किंमत ऐकून मात्र खोल विचारात पडतो. त्यातून तो 'एकच बदलू' या निर्णयाला येतो. मग एक बाजू नव्या जोमाने ढकलते, दुसरी लोंबकळते, आणि बॉनेट व बिजागऱ्या पिळवटतात. कोणी 'गॅस भरून देतो' म्हणतो. पण गळतंय सील, भोक पडलेल्या बादलीत पुन्हा पाणी ओतून काय होणार? आणि 'मजबुतीसाठी' जास्त ताकदीचे बसवणाऱ्याचं बॉनेट पुढे धड बंद होत नाही. जुन्या नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तोच मागावा.

'हल्ली बॉनेट उघडतं कोण?' हा तिसरा आक्षेप उलव्यात टिकत नाही. इथे मोकळे प्लॉट आहेत, त्यात गवत आहे, गवतात उंदीर आहेत आणि पावसाळ्यात उंदरांना कोरडी, उबदार जागा आवडते. वायरी कुरतडल्या का, हे बघायला, उंदरांना पळवण्यासाठी तंबाखूची पुडी ठेवायला, बॉनेट उघडावंच लागतं, तेही नेमकं सकाळी, गार इंजिनवर. म्हणजे शॉकर खरं बोलतो नेमक्या त्याच वेळी.

बदलायचं काम सोपं आहे. एकाने बॉनेट धरायचं (वॉचमन पुष्कळदा उत्सुक असतो), दुसऱ्याने बारीक स्क्रू ड्रायव्हरने टोकाची क्लिप सैल करून नळी गोल डोक्याच्या खिळ्यावरून ओढायची आणि नवी खटकन बसवायची, शक्यतो बॉनेट बंद असताना दांड्याचं टोक खाली राहील अशी, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. जुनी नळी कापू नये, जाळू नये. मेली तरी तिच्यात दाब उरलेला असतो, आणि हे भंगारवाल्यालाही सांगावं.

शेवटचा आक्षेप असा, की नवे शॉकर फार उर्मट असतात. जुन्या बॉनेटला दोन्ही हातांनी रेटून वर चढवायची सवय झालेला माणूस त्याच जोराने नव्याला हात लावतो, आणि ते मधल्या टप्प्यानंतर स्वतःच उसळी घेऊन हनुवटीवर येतं. हा आक्षेप मात्र पूर्णपणे बरोबर आहे.